संपाच्या मतदानाचा ईमेल आलाय, मत देऊ का?

पत्र:

‘मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका एज्ड केअर होममध्ये नर्स आहे. मालकांनी स्पॉन्सर केलेल्या ४८२ व्हिसावर आले. नवरा आणि मुलगी माझ्याच व्हिसावर आहेत. आमच्या जुन्या ईबीएची, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींच्या सामूहिक कराराची, मुदत गेल्या वर्षी संपली आणि नव्या कराराची बोलणी अजून चाललीच आहेत. मागच्या आठवड्यात हँडओव्हरच्या वेळी मॅनेजर म्हणाल्या, “युनियननं फेअर वर्क कमिशनकडून संपाची परवानगी आणली आहे. आता जे होईल त्याला तुम्हीच जबाबदार.” दोन दिवसांनी मला मतदानाचा ईमेल आला. आठ प्रश्न आहेत. युनियनचा टी-शर्ट घालण्यापासून ओव्हरटाइम बंद करण्यापर्यंत आणि एक ते चार तास काम थांबवण्यापर्यंत. मी रोज तो उघडते आणि बंद करते. माझं मत मालकांना कळेल का? व्हिसा जाईल का? आजी-आजोबांना तसंच सोडून बाहेर कसं जायचं? आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीजण म्हणतायत की मतदान वगैरे राहू दे, सोमवारी सगळ्यांनी सिक लीव्ह टाकू. आणि सध्या सासरे आमच्याकडे आले आहेत. ते लालबागला गिरणीत होते, ८२च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. ते म्हणतात, “सूनबाई, संपाच्या कोणत्याही कागदाला हात लावू नकोस.” मी काय करू?’

उत्तर:

ताई, आधी तुमच्या मॅनेजरबाईंचं वाक्य दुरुस्त करते, कारण तुमची निम्मी भीती त्या वाक्यातून आलेली आहे. फेअर वर्क कमिशननं, म्हणजे कामगार-मालकांचे करार आणि वाद बघणाऱ्या इथल्या स्वतंत्र संस्थेनं, संपाला परवानगी दिलेली नाही. कमिशननं युनियनला एवढंच सांगितलंय की तुमच्या सभासदांना विचारा. संप करायचा की नाही, कोणत्या प्रकारचा करायचा, हे तुम्ही आणि तुमच्याबरोबर काम करणारे सभासद ठरवणार आहात, आणि ते ठरवायची जागा म्हणजे तुमच्या फोनमधला तो ईमेल. मत द्या, असं मी तुम्हाला सांगणार आहे. ‘हो’ द्या की ‘नाही’ द्या हे मी सांगणार नाही, तो हक्क तुमचा. पण ईमेल उघडून बंद करणं थांबवा.

ऑस्ट्रेलियात कामगारांना मनात आलं म्हणून काम थांबवता येत नाही. २००९ च्या फेअर वर्क ॲक्टनं ठरवून दिलेल्या वाटेनं गेलं तरच त्या कारवाईला कायद्याचं संरक्षण मिळतं, आणि त्या वाटेवरचा एक मोठा टप्पा म्हणजे हे गुप्त मतदान. ही अट २००६ साली आली. युनियन्सना ती तेव्हा आवडली नव्हती आणि आजही अनेकांना तो मुद्दाम घातलेला अडथळा वाटतो. त्यात तथ्य आहे, कारण अर्ज, सुनावणी, मतदान, नोटीस या सगळ्यात वेळ जातो आणि तेवढ्यात मालकाला तयारी करता येते. पण तुमच्यासारख्या एकट्या, परदेशातून आलेल्या, व्हिसावरच्या बाईसाठी हाच अडथळा ढालीचं काम करतो. गेटवर उभं राहून हात वर करायचा नाही, कुणाच्या डोळ्यात बघून ‘हो’ म्हणायचं नाही.

जुन्या कराराची मुदत चालू असताना संप करता येत नाही. ती मुदत संपायला ३० दिवस उरले की मग युनियनला मतदानाच्या आदेशासाठी अर्ज करता येतो. अर्जाची प्रत २४ तासांच्या आत मालकाला द्यावी लागते, म्हणून मॅनेजरबाईंना तुमच्या आधी कळलं. शक्यतो दोन कामकाजाच्या दिवसांत कमिशन निर्णय देतं. बघायचं असतं ते मुख्यतः एकच: युनियन करार व्हावा म्हणून खरोखर प्रयत्न करते आहे का? मागण्या रास्त आहेत का, पगारवाढ जास्त मागितली आहे का, यात कमिशन शिरत नाही. युनियन प्रामाणिकपणे बोलणी करते आहे असं दिसलं आणि बाकी अटी पुऱ्या झाल्या की आदेश द्यावाच लागतो. तेव्हा हा आदेश आला म्हणजे सरकारनं कुणाची बाजू घेतली, असं तुम्हीही समजू नका आणि मालकांनीही. उलट जून २०२३ पासून आणखी एक गोष्ट सक्तीची झाली आहे. मतदान चालू असतानाच दोन्ही बाजूंना कमिशनसमोर समेटाच्या बैठकीला बसावं लागतं. युनियन त्या बैठकीला गेली नाही तर पुढच्या कारवाईचं संरक्षणच जातं. तुम्ही हे वाचताय तेव्हा कदाचित ती बैठक ठरलेलीही असेल. डेलिगेटला, म्हणजे तुमच्या कामाच्या जागी असलेल्या युनियनच्या प्रतिनिधीला, विचारा, कधी आहे आणि काय झालं. मत देण्याआधी हे माहीत असणं चांगलं.

आता मोजणीकडे या, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. ठराव मंजूर व्हायला दोन गोष्टी लागतात. मतदारयादीतल्या निदान निम्म्या लोकांनी मत दिलं पाहिजे, आणि वैध मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं ‘हो’ असली पाहिजेत. समजा तुमच्या यादीत ८० नावं आहेत. ४० जणांनी मत दिलं आणि त्यातल्या २१ जणांनी ‘हो’ म्हटलं की ठराव पास. पण ३८ जणांनीच मत दिलं आणि ते सगळेच्या सगळे ‘हो’ असले, तरी ठराव पडला. आता गंमत अशी की त्या ३८ जणांत आणखी दोघं आली असती आणि दोघांनीही ‘नाही’ म्हटलं असतं, तर तोच ठराव पास झाला असता! म्हणजे ‘मी कुठल्याच बाजूला नाही, मी आपली बाहेर राहते’ असं म्हणून ईमेल बंद करणारी बाई प्रत्यक्षात बाहेर राहत नाही. तिची गैरहजेरी मोजली जाते, आणि ती ‘नाही’पेक्षाही जड पडू शकते. तुम्हाला खरोखर संप नको असेल तर ‘नाही’ म्हणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण घाबरून गप्प बसाल तर निर्णय तुमच्या भीतीनं घेतला असं होईल, आणि रात्रपाळीला तुमच्याबरोबर उभी राहणारी दुसरी बाई त्याचं फळ भोगेल.

आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ सगळ्याला एकच द्यायला हवं असं नाही. आठही प्रश्नांची मोजणी वेगवेगळी होते. टी-शर्टला हो, ओव्हरटाइम बंदीला हो, चार तास काम थांबवण्याला नाही, असं मत देता येतं. तुमच्या पत्रावरून मला वाटतं की तुमचं मन तसंच काहीसं आहे. मग तसंच मत द्या.

तुमचं मत मालकांना कळणार नाही. मतदान युनियन घेत नाही आणि मालकही घेत नाहीत. ऑस्ट्रेलियन इलेक्टोरल कमिशन, म्हणजे इथल्या निवडणुका घेणारी संस्था, किंवा फेअर वर्क कमिशननं मान्य केलेला दुसरा एजंट ते घेतो. तुमच्या ईमेलवर पाठवणाऱ्याचं नाव बघा. कुणी काय मत दिलं हे गुप्त असतं, आणि यादीतली अमुक व्यक्ती युनियनची सभासद आहे की नाही हे मतदान घेणाऱ्यांनी उघड करायलाही कायद्यानं मनाई आहे. जाहीर होतात ते फक्त आकडे. एवढं मात्र करा: मत घरून, स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नेटवर द्या. नर्सेस स्टेशनच्या कॉम्प्युटरवर ती लिंक उघडू नका. आणि कुणी विचारलं, अगदी युनियनच्या माणसानंही, ‘काय दिलंस?’ तर सांगायची गरज नाही.

समजा ठराव पास झाला. तरी दुसऱ्या दिवशी काही होत नाही. निकालापासून तीन महिन्यांच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते, आणि सुरू करण्याआधी युनियनला मालकाला निदान तीन कामकाजाच्या दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्यात काय करणार आणि कोणत्या दिवसापासून हे स्पष्ट लिहावं लागतं. खास परिस्थिती असेल तर कमिशन ही नोटीस सात कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढवू शकतं. तुमच्यासारख्या ठिकाणी, जिथे माणसांची काळजी घेणं हेच काम आहे, मालक हमखास ती वाढ मागतात. तुमच्या आदेशात किती दिवस लिहिलेत ते डेलिगेटकडून बघून घ्या. आणि ठराव पास झाला म्हणून कारवाईत उतरायची सक्ती कुणावरच नसते. त्या दिवशी तुम्हाला आत राहून काम करायचं असेल तर करता येतं. तुमच्यावर जबरदस्ती करणं बेकायदा आहे, मग ती मालकानं केलेली असो की सहकाऱ्यांनी.

इथे आजी-आजोबांबद्दल. तुमच्या पत्रातला हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला. रात्री अडीचला कुशीवर वळवायचं असतं, कुणाला इन्सुलिन द्यायचं असतं, कुणी दर दहा मिनिटांनी बेल दाबत असतं कारण त्याला आपण कुठे आहोत तेच आठवत नाही. हे काम करणाऱ्या बाईला ‘काम थांबवा’ हा प्रश्न वाचून पोटात गोळा येणारच. आरोग्याच्या क्षेत्रात अशा कारवाया आखताना जिवाला धोका होईल तिथे काम थांबवायचं नाही अशी सूट बऱ्याचदा ठेवलेली असते. तुमच्या प्रश्नांत ती सूट आहे का ते वाचा. नसेल तर डेलिगेटला नोटीस जाण्याआधीच विचारा: त्या तासाभरात मजल्यावर कोण राहणार, औषधांची फेरी कोण करणार, कुणी पडलं तर कोण धावणार? हे विचारणारी बाई युनियनच्या विरोधात आहे असं चांगला डेलिगेट कधीच मानणार नाही. याच्यावर आणखी एक कुलूप आहे. लोकांचा जीव, सुरक्षितता, आरोग्य किंवा हित धोक्यात येतंय असं कमिशनला पटलं तर ते कारवाई थांबवू शकतं, नव्हे थांबवावीच लागते. आणि मला हेही म्हणायचंय की रोज रात्री दोन जणींवर अख्खा मजला टाकला जात असेल तर धोका संपाच्या दिवशीच सुरू होतो असं नाही. ओव्हरटाइम करायला नकार देणं म्हणजे काही वेळा थकलेल्या नर्सनं इन्सुलिनचा चुकीचा डोस न देणं असतं.

पैशांचं सरळ सांगते. संरक्षित कारवाईत तुम्ही एक तास काम थांबवलं तर एका तासाचा पगार मिळणार नाही. मालकाला तो देताच येत नाही, कायद्यानं मनाई आहे. ओव्हरटाइम बंदीत नेहमीच्या तासांचा पगार साधारणपणे शाबूत राहतो, फक्त ओव्हरटाइमची कमाई जाते, आणि तुमचं घर त्यावर किती चालतं हे तुम्हालाच माहीत. सावध राहायचं ते अर्धवट बंदीत, म्हणजे कामावर हजर राहायचं पण ठरावीक काम, उदाहरणार्थ काही कागदपत्रं भरणं, करायचं नाही. त्यात मालक आधी लेखी नोटीस देऊन त्या प्रमाणात पगार कापू शकतात, किंवा अर्धवट काम मला नकोच असं सांगून त्या काळाचा पगारच नाकारू शकतात. त्यामुळे कागदपत्रांच्या बंदीला निरुपद्रवी समजून डोळे झाकून ‘हो’ देऊ नका. आधी नवऱ्याबरोबर बसून महिन्याचा हिशेब करा. कामगारांनी कारवाई सुरू केल्यावर उत्तर म्हणून मालकांनाही टाळेबंदीचा हक्क आहे, हेही मनात असू द्या.

आता सोमवारची सिक लीव्ह. ताई, यात अजिबात पडू नका. ग्रुपवर जे चाललंय तोच तुमच्या पत्रातला खरा धोका आहे, आणि तो तुम्ही सगळ्यात कमी घाबरून लिहिलाय. आपल्याकडे ‘मास सीएल’ टाकायची सवय आहे, सगळ्यांनी एकाच दिवशी रजा टाकली की कुणा एकट्यावर येत नाही असं वाटतं. इथे तसं नाही. ठरवून एकाच वेळी खोटी आजारपणाची रजा घेणं ही औद्योगिक कारवाईच धरली जाते, आणि तिला मतदान नाही, नोटीस नाही, म्हणजे संरक्षण नाही. मालक कमिशनकडे धावतील आणि थांबवण्याचा आदेश मिळवतील. तासभराचीच गैरहजेरी असली तरी निदान चार तासांचा पगार कापावाच लागतो. दंडासाठी कोर्टात खेचता येतं. आणि आजारी नसताना आजारी आहे म्हणून सांगितलं, हे गैरवर्तन म्हणून तुमच्या नावावर लागू शकतं. मतदानाच्या वाटेनं गेल्यावर जी ढाल मिळते, ती या एका सोमवारात सगळ्यांची जाईल. युनियनची कष्टानं केलेली सगळी प्रक्रियाही अडचणीत येईल. ग्रुपवर एक ओळ लिहा: ‘मी यात नाही, मतदान होऊ द्या.’ आणि ती ओळ पुसू नका. डेलिगेटला आजच फोन करून ग्रुपवर काय चाललंय ते सांगा, तोही घाबरून धावत येईल आणि लोकांना समजावेल.

व्हिसाचं. मत दिल्यानं किंवा संरक्षित कारवाईत भाग घेतल्यानं तुमची नोकरी सुटत नाही, तुम्ही त्याच मालकाकडे त्याच पदावर असता. व्हिसा रद्द करायचा अधिकार मालकाकडे नाहीच, तो गृहखात्याकडे आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर फेअर वर्क ॲक्टमध्येच स्पष्ट लिहिलंय की माणसाचा व्हिसा कोणताही असो, कामगार म्हणून त्याचे हक्क लागू राहतात. आणि १ जुलै २०२४ पासून व्हिसाची भीती घालून कुणाला पिळणं हा मालकासाठी फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. तेव्हा कुणी ‘तुमच्या स्पॉन्सरशिपचा विचार करा हं’ असं म्हणालं, तर हसून सोडून देऊ नका. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं, सगळं त्याच रात्री स्वतःच्या ईमेलवर लिहून ठेवा.

तरीही कायदा आहे म्हणून कुणी सूड घेणारच नाही असं मी म्हणणार नाही. संरक्षित कारवाईत भाग घेतल्याबद्दल किंवा युनियनमध्ये असल्याबद्दल कामावरून काढणं, रोस्टरचे तास कापणं बेकायदा आहे. असा दावा उभा राहिला तर कारण दुसरंच होतं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. पण कामावरून काढलं असेल तर कमिशनकडे अर्ज करायला फक्त २१ दिवस मिळतात. कॅलेंडरचे दिवस, कामकाजाचे नव्हेत. धक्क्यात, रडण्यात, गावी फोन करण्यात ते निघून जातात, म्हणून हा आकडा पाठ करून ठेवा. आणि समजा सगळं वाईटच झालं आणि नोकरी गेली, तरी जुलै २०२४ पासून ४८२ व्हिसावरच्या माणसाला नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात, आणि व्हिसाच्या पूर्ण काळात मिळून ३६५. पूर्वी ६० होते. तुमचा व्हिसा, मुलीची शाळा, पीआरचा अर्ज कुठवर आलाय, हे मला माहीत नाही, म्हणून कारवाईत उतरण्याआधी एकदा नोंदणीकृत मायग्रेशन एजंटशी किंवा वकिलाशी बोला. नुसतं मत देण्यासाठी मात्र त्याची गरज नाही.

राहिले तुमचे सासरे. त्यांना ‘तुमचा काळ वेगळा होता’ असं म्हणून गप्प करू नका. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला त्यात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते, आणि तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माणसं गावाला गेली ती गेलीच. ज्यानं हे भोगलंय त्याचा शब्द हलका नाही. पण त्यांच्याजवळ बसून एक गोष्ट विचारा: तुम्हाला कुणी विचारलं होतं का हो बाबा? त्या वेळच्या १९४६ च्या कायद्यानं गिरण्यांत एकच मान्यताप्राप्त युनियन होती, आणि आपली युनियन कोणती हे मतपेटीतून ठरवायची सोय कामगाराला नव्हती. डॉ. दत्ता सामंतांच्या मागण्यांत पगाराबरोबर हा कायदा रद्द करणं होतं ते त्यामुळेच. मग फोन त्यांच्या हातात द्या. आठही प्रश्न मराठीत वाचून दाखवा, टी-शर्टचा पण. मोजणी कशी होते ते सांगा, नोटीस तीन दिवसांची असते ते सांगा, एक तासाचे किती डॉलर जातील ते सांगा. त्यांना ते पटेल असं नाही, आणि पटलंच पाहिजे असंही नाही. पण कशाची भीती बाळगायची आणि कशाची नाही, हे त्यांच्या अनुभवातून तुम्हालाही जास्त नीट दिसेल. कदाचित तेच तुम्हाला विचारतील की बिनपगारी दिवस आले तर घरात किती महिन्यांचे पैसे आहेत. तो प्रश्न माझ्यापेक्षा ते जास्त चांगला विचारू शकतात.

मतदान कधी बंद होणार ती तारीख आणि वेळ त्या ईमेलमध्ये लिहिलेली आहे. रात्रपाळी करून आल्यावर झोपेच्या आधी आज ती बघून घ्या आणि फोनमध्ये एक दिवस आधीचा अलार्म लावा. वेळ टळल्यावर दिलेलं मत मोजलं जाणार नाही.